लाभ, दोन, तीन

सिंदेवाहीच्या जुन्या धानगोदामात आता व्हॉलीबॉल चालतो.
टिनाचं छत, चार मोठे दिवे, त्यातला एक कायम लुकलुकणारा.
फरशी कितीही झाडा, कोपऱ्यातून कोंडा निघतोच.
पोरी घसरतात, गुडघ्याला चिकटलेलं तूस झटकतात,
पुन्हा जाळीशी जातात.

मी टेबलाशी. गुणपत्रक, दोन पेनं,
बझर बिघडलाय म्हणून शाळेतून आणलेली पितळी घंटा.
मागच्या भिंतीवर चुन्याखालून अजून दिसतात
बापाच्या खडूच्या रेघा. चार उभ्या, एक आडवी, पाच पोती.
काट्यावर मोजताना तो एक कधी म्हणायचा नाही.
लाभ म्हणायचा. मग दोन. मग तीन.
पहिल्या गुणावर काट मारताना
मीही ओठातल्या ओठात लाभ म्हणते.

आमच्या वेळी डाव पंधराचा असायचा,
आणि सर्व्हिस आपली असली तरच गुण.
समोरचीनं चेंडू जाळीत घातला
तरी आपल्याला नुसती सर्व्हिस,
हातात चेंडू, फळ्यावर काही नाही.
सात-सातवर अडून बसायचो,
म्हशी गावात परतायच्या, आमचं सात-सातच.
एवढा घाम कुठेच लिहिला गेला नाही.
तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही.

आता प्रत्येक चेंडू कुणाच्या तरी नावावर पडतो.
तू चुकलीस, तिचा एक. सर्व्हिस कुणाची का असेना.
पंचवीसला डाव, पण दोनचं अंतर पाहिजे,
चोवीस-चोवीस झाले की दार उघडंच राहतं.
मागच्या वर्षी एकतीस-एकोणतीस लिहिलं मी,
घरं संपत आली होती कागदावरची.
तीन डाव घेईल तो जिंकला.
दोन-दोन झाले तर पाचवा, पंधराचा,
आठवर बाजू बदलायची,
म्हणजे लुकलुकता दिवा दोघींनाही सोसावा लागतो.

नवरगाव आणि नागभीड. पाचवा डाव. तेरा-तेरा.
सर्व्हिस नुकतीच नवरगावकडे आलेली.
पत्रकात पाळी चार नंबरची.
चेंडू काखेत घेऊन मागे चालली सात,
पायल बोरकुटे, आमच्याच गल्लीतली,
जिला मी दोरीवर लुगडं टाकून
पलीकडे चेंडू मारायला शिकवलं.

मी आधी बोलायचं नसतं.
कर्णधारानं पंचाला विचारलं असतं
तर पंचानं मला विचारलं असतं.
कुणी विचारलं नाही.
चेंडूला हात लागत नाही तोवर चूक ही चूक नसते.
पायलनं चेंडू आपटला. एकदा. दोनदा.
मी चारच्या पाठीकडे बघत राहिले,
वळ गं, वळ एकदा.
तिनं वेणी घट्ट केली.
शिट्टी झाली. आठ सेकंद.
तिसऱ्यांदा आपटला.

चेंडू हवेत होता तेव्हाच मी घंटा वाजवली.
शाळा सुटल्यागत सगळ्या थांबल्या,
आणि त्या थांबलेल्या पोरींच्या मधोमध
तो जाऊन पडला, रेघेच्या वीतभर आत,
कोंडा उडाला थोडा.

नागभीड चौदा. सर्व्हिसही त्यांची.
मग चौदा-चौदा झाले. सोळा-सोळा झाले.
सतरा-सतरा होईस्तोवर माझं पेन थांबलं,
दुसरं घेतलं.
नागभीड एकोणीस, नवरगाव सतरा.
चौदावरची काट बाकीच्या काटांसारखीच दिसते.
मी सही केली. कर्णधारांनी केली.

एसटीची वाट बघत गोदामाच्या ओट्यावर बसले होते.
पायल आली, शेजारी बसली,
मोज्यातलं तूस एकेक करून काढू लागली.
"तुले माहीत होतं ना व, मावशी?"
"हो."
"कवापासून?"
"तू चेंडू उचलला तवापासून."
बराच वेळ काही बोलली नाही.
पलीकडे राइस मिलचा भोंगा झाला.
"पण सर्व्हिस कशी होती?"
"मस्त होती," मी म्हटलं.
"कोपर थोडं वाकते अजून."